खेकड्याला कळतं का?

कुणी कुणी म्हणतात, "नांगी मोडली तरी नवी येते, मग खेकड्याला कसली वेदना?" नवी येते खरी, पण कात टाकत टाकत, हळूहळू. आणि खेकडा स्वतः नांगी सोडतो ती ठरावीक जागी, तिथे जखम लगेच मिटते. साताऱ्यात पाटण-जावळीकडे पावसाळ्यात जिवंत खेकड्याची नांगी पिळून काढली, की स्नायू फाटतो, रक्त वाहतं. दोन्ही एक नव्हेत.

बेलफास्टच्या विद्यापीठात प्राण्यांचं वर्तन अभ्यासणाऱ्या रॉबर्ट एलवुड यांनी शंखात राहणाऱ्या खेकड्यांना हलके विजेचे झटके दिले. शंख आवडीचा असेल तर तो सोडायला ते जास्त कचरत. नुसती प्रतिक्षिप्त क्रिया असती तर हा हिशेब कशाला? ब्रिटनच्या २०२२ च्या कायद्यात खेकडे-झिंगेही संवेदनशील प्राण्यांत धरलेत. खेकड्याला आत्मा आहे का, हा प्रश्न याने सुटत नाही. सांगलीकडच्या जैन मंडळींना तो पडलेलाच नाही म्हणा.

खायचेच तर मारण्याआधी बधिर करायचे: तीन वाटे बर्फाचा चुरा, एक वाटा पाणी, त्यात खेकडे पूर्ण बुडवून किमान २० मिनिटं. ओढ्याच्या खेकड्याला साधं पाणी चालतं, समुद्राच्याला खारट लागतं. काडी लावल्यावर डोळा आत घेतला तर तो अजून शुद्धीवर आहे. बधिर झाला की मग उताणा करून पोटावरची झडप उचलायची, खालच्या खाचेत जाड दाभण पाठीच्या कवचाला टेकेपर्यंत. लगेच दुसरा टोचा डोळ्यांच्या मधल्या खळगीत. मज्जातंतूंच्या मुख्य गाठी दोन, एकाने भागत नाही. बर्फ कमी पडला तर खेकडा नुसता सुस्तावतो, बधिर होत नाही.