वय आणि काउंट सोडा, पेशींनाच औषध विचारा?

निळी शाई: "ल्युकेमियाच्या पेशी नळीत घ्या, औषधं टाका, जे मारेल ते द्या. वय बघून प्रोटोकॉल (उपचारांचा ठरलेला आराखडा) ठरवणं म्हणजे अंदाजपंचे." काल रात्रपाळी यांचं हे वाचलं आणि राहवलं नाही. एमटीटी चाचणीत पेशी चार दिवस औषधात ठेवतात. जगलेल्या पेशी पिवळं रंगद्रव्य जांभळं करतात. त्यातूनच कळलं की एएलएल (लिम्फ पेशींचा तीव्र ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग) झालेल्या वर्षाखालच्या बाळांच्या पेशी प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड) आणि अ‍ॅस्परॅजिनेज या औषधांना दाद देत नाहीत, सायटॅराबिन या औषधाला मात्र लवकर बळी पडतात. टी-पेशींपासून होणारा टी-एएलएलही बी-पूर्वपेशींच्या प्रकारापेक्षा चिवट. वयामागे पेशींचा स्वभाव आहे, अंदाज नाही!

रात्रपाळी: मग तर माझंच खरं ठरलं. फरक पेशीत आहे, तर वयाच्या आडून का बघायचं? काउंटचंही तेच: रक्तातल्या पांढऱ्या पेशी मायक्रोलिटरमागे ५०,००० च्या वर गेल्या की हाय रिस्क. काउंट रोगाचा पसारा सांगतो, एकेक पेशी किती चिवट ते नाही.

निळी शाई: नळीत अस्थिमज्जेचा आसरा नसतो, यकृत नसतं. शिवाय कित्येक नमुन्यांतल्या पेशी चार दिवस तगतच नाहीत. त्यांचं काय करणार?

पाऊलवाट: तुम्ही दोघं पेशींवरच अडलात. माझ्या मुलाला मेंटेनन्समध्ये (उपचाराच्या शेवटच्या लांब टप्प्यात) ६-एमपी ही गोळी पूर्ण डोसने सुरू झाली आणि न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) २०० पर्यंत घसरले. तोंडभर फोड, पाणीसुद्धा गिळेना. नंतर टीपीएमटी, म्हणजे हे औषध शरीरात निकामी करणारं एन्झाइम, कमी निघालं. गोळी सुरू करण्याआधी का नाही तपासलं?

रात्रपाळी: हे विषयांतर आहे. ती शरीराची संवेदनशीलता, रोगाची नव्हे.

पाऊलवाट: विषयांतर? फोड माझ्या लेकराच्या तोंडात होते!

जुना वाचक: ताईंचा मुद्दा रास्त आहे. आणि नुसतं टीपीएमटी पुरत नाही. आशियाई लोकांत एनयूडीटी-१५ या, याच औषधाशी संबंधित दुसऱ्या जनुकातले बदल जास्त आढळतात. दोन्ही आधीच बघावेत.

निळी शाई: सहमत. डोस आधीच कमी करता येतो.

रात्रपाळी: ताई, बोलायला नको होतं तसं, माफ करा. पण नळीचा मुद्दा मी सोडत नाही.

जुना वाचक: सोडू नका, पण आठव्या दिवसाचं प्रेडनिसोन या स्टेरॉइडला मिळालेलं उत्तर विसरू नका. आठवडाभर स्टेरॉइड, मेथोट्रेक्सेट या औषधाचा एक डोस मणक्यातून, मग रक्तात मायक्रोलिटरमागे ब्लास्ट (ल्युकेमियाच्या कच्च्या पेशी) १,००० च्या खाली आले का ते बघायचं. ही चाचणी अंगातच होते, यकृत-मज्जेसकट.

रात्रपाळी: बरं, एवढं मान्य. पण ते एकाच औषधाचं उत्तर झालं. बाकीच्यांचं?

पाऊलवाट: आमचं आठव्या दिवसाचं उत्तर उत्तम होतं. फोड तरीही आले.