शब्दचर्चा : ‘सवलत’ की ‘सोय’?

प्रश्न (उद्यमबाग, बेळगाव) :
आमच्या कारखान्यात तपासणीला एक जण आहे. पोलिओमुळे एक पाय अधू. व्हर्नियर हातात घेतला की माप चुकत नाही, पण पूर्ण पाळी उभं राहणं त्याला झेपत नाही. त्याला उंच स्टूल दिलं आणि रजिस्टरात नोंद झाली, ‘अपंगत्वामुळे बसण्याची सवलत’. तेव्हापासून शेजारचे म्हणतात, “बरं हाय की ओ तेचं, बसून पगार.” मला हा शब्द खटकतो. बरोबर आहे का?

उत्तर (खानापूर) :
खटकायलाच हवा. सवलत अरबी ‘सहूलत’वरून आली, मूळ अर्थ सोपेपणा. पण आज ती कुठे ऐकतो? तिकिटात, व्याजात, करात. म्हणजे द्यायचं त्यात मिळालेली सूट. या माणसाला कामात सूट कुठे मिळाली? नग तर तेवढेच तपासतो ना? क्रियापदंही बघा. सवलत देतात, मागतात, काढून घेतात. सोय मात्र करतात. सोय नसली की गैरसोय होते आणि ती दूर कुणी करायची, असं विचारता येतं. सवलत नाही मिळाली तर गप्प बसायचं. कारखान्यातल्या पंख्याला, दिव्याला, पिण्याच्या पाण्याला कुणी सवलत म्हणतं का?

उत्तर (निपाणी) :
आपल्याकडच्या कन्नडमध्ये दोन शब्द वेगळे आहेत. विकलचेतनांच्या, म्हणजे दिव्यांगांच्या, बसपासला ‘रियायिती’, सुविधेला ‘सौलभ्य’. पासाला मराठीत सवलत म्हणणं योग्यच, तिथे भाडं खरंच कमी होतं. स्टुलाचं तसं नाही.

लोक आरक्षणाशीही गल्लत करतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सरकारी नोकऱ्यांत किमान ४ टक्के आरक्षण आहे, ते ४० टक्के वा जास्त अपंगत्व असलेल्यांना. कामाच्या जागी गरजेचे फेरबदल ही निराळी तरतूद. मालकावर अवाजवी बोजा पडू नये, एवढी मर्यादा व्याख्येतच आहे. एका स्टुलाचा कसला बोजा? सरकारी नोकरीत असताना अपंगत्व आलं, तर त्या कारणानं काढता येत नाही. ते काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं द्यायचं. समान संधीचं धोरण तर खासगी आस्थापनेनंही जाहीर करायचं असतं.

प्रश्नकर्ता :
मग रजिस्टरात काय लिहू?

उत्तर (खानापूर) :
‘तपासणीच्या टेबलाशी उंच स्टुलाची सोय केली.’ माणसाचं नाव नको, पायाचा उल्लेखही नको. आणि जमलं तर दोन स्टुलं मागवा. उभं राहून गुडघे दुखणारे त्या पाळीत आणखीही असतील.