मदत हवी आहे: बाबांची कुलूपबंद हार्डडिस्क सरकारला तरी उघडता येते का?

नमस्कार मंडळी,

जरा लांबण लावतोय, सांभाळून घ्या.

बाबा गेल्या श्रावणात गेले. मागे १ टीबीची हार्डडिस्क राहिली. तिच्यात आजीच्या जात्यावरच्या ओव्या आहेत, तिच्याच आवाजात. कॅसेटवरून बाबांनीच उतरवल्या आणि बुरशी आली म्हणून कॅसेटी टाकून दिल्या. डिस्क व्हेराक्रिप्ट नावाच्या, पासवर्डशिवाय काही वाचता येऊ न देणाऱ्या प्रोग्रॅमने बंद केलेली. २०१९ मध्ये भाच्याने शिकवलं, पण पासवर्ड त्यालाही सांगितला नाही. बँकेचे कागद त्यातच होते ना.

परवा एका डेटा रिकव्हरीवाल्याकडे गेलो. त्याने डिस्क लावली, दोन मिनिटं पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "होईल. पोलीस वापरतात तेच सॉफ्टवेअर आहे आपल्याकडे. अठरा हजार, निम्मे आधी." नाही उघडली तर, असं विचारलं, तर त्याने चहा मागवला.

सरकारी यंत्रणांना खरंच असं कुलूप फोडता येतं का? येत असेल तर मी रीतसर अर्ज करायला तयार आहे. येत नसेल तर हा गडी अठरा हजार कशाचे मागतोय?

रातकिडा:
एक रुपया देऊ नका. अख्खी डिस्क कूटबद्ध असली की विंडोजला ती कोरी वाटते आणि 'फॉरमॅट करायची का' असा चौकोन येतो. तिथे चुकूनही 'हो' दाबू नका. दुकानात कुणी दाबलं नाही ना, ते आधी विचारा.

गणितवाला:
तुमच्यासारखीच एक केस आहे. २००८ साली ब्राझीलच्या पोलिसांनी डॅनियल डांतास या बँकरच्या घरून पाच हार्डडिस्क उचलल्या. (त्या कारवाईचं नाव 'सत्याग्रह'. गांधीजींनी काय म्हटलं असतं देव जाणे.) डिस्कवर ट्रूक्रिप्ट होतं, म्हणजे तुमच्या व्हेराक्रिप्टचा पूर्वज. तिथल्या सरकारी प्रयोगशाळेने पाच महिने डोकं फोडलं, मग डिस्क अमेरिकेच्या एफबीआयकडे गेल्या. त्यांनी वर्षभर पासवर्ड लावून पाहिले आणि २०१० मध्ये डिस्क जशाच्या तशा परत केल्या.

हिशोब सोपा आहे. इंग्रजी लहानमोठी अक्षरं आणि आकडे मिळून ६२ चिन्हं. त्यातून कसाही उचललेला १२ चिन्हांचा पासवर्ड घ्या आणि सेकंदाला एक कोटी पासवर्ड लावा. सगळे संपायला साधारण एक कोटी वर्षं लागतील. त्यात व्हेराक्रिप्ट प्रत्येक पासवर्ड मुद्दाम लाखो वेळा घुसळतं, त्यामुळे एक कोटीचा वेग घरच्या कॉम्प्युटरला स्वप्नातही मिळायचा नाही.

चिंचेचा_कोळ:
काय राव, सरकारला सगळं उघडतं, आपल्याला सांगत नाहीत एवढंच. अमेरिकेच्या हेरखात्याचे गुप्त कागद फोडणारा स्नोडेन विसरलात?

गणितवाला:
नाही विसरलो. २०१३ च्या त्या कागदांत दिसतं ते असं, की एनएसए, म्हणजे ते हेरखातं, कुलूप फोडण्यापेक्षा बऱ्याचदा किल्ली बनवणाऱ्याला गाठते. किल्ली बनवायला यादृच्छिक, म्हणजे अंदाज न येणारे, आकडे लागतात; ते काढायची एक पद्धत अमेरिकेच्या मानकांत घुसवली होती, ड्युअल ईसी नावाची. तिचे आकडे ओळखता येतील अशी चोरवाट तिच्यात ठेवल्याचा संशय जुनाच होता. कागद बाहेर आल्यावर मानक संस्थेने २०१४ मध्ये ती मागे घेतली. तुटलेलं कुलूपही आहे: डीईएस नावाची जुनी कूटपद्धत. त्याची किल्ली ५६ बिटांची, म्हणून १९९८ मध्ये अडीच लाख डॉलरच्या आत बांधलेल्या एका यंत्राने ती ५६ तासांत शोधली. आज व्हेराक्रिप्ट वापरतं त्या एईएस कूटपद्धतीची किल्ली २५६ बिटांची आहे. प्रत्येक बिटाला काम दुप्पट होतं, म्हणजे विचार करा.

म्हणून पोलीस माणसाकडून जातात. सिल्क रोड हा इंटरनेटवरचा अमली पदार्थांचा चोरबाजार चालवणाऱ्या उलब्रिख्टला २०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या वाचनालयात पकडलं, तेव्हा त्याच्या मागे दोन एजंट नवरा-बायकोसारखे भांडायला लागले. तो वळून बघतोय तोवर उघडा लॅपटॉप उचलला. आपल्याकडे आयटी कायद्याचं कलम ६९ आहे, ते सांगतं की किल्ली असणाऱ्याने मदत करायची, नाहीतर सात वर्षांपर्यंत कैद. कुलूप फुटत असतं तर असलं कलम कशाला लागलं असतं?

आणि अर्जाचं म्हणाल, तर कलिन्याची न्यायवैद्यक प्रयोगशाळा गुन्ह्यातला मुद्देमाल तपासते. घरगुती डिस्क कोण घेणार?

वाळवण:
दादा, बाबा कुठे नोकरीला होते?

धागाकर्ता:
पाटबंधारे खात्यात. शेवटी हेडक्लार्क.

वाळवण:
मग मराठी टायपिंगची परीक्षा दिली असणार! माझे सासरे जिल्हा परिषदेत होते, त्यांची खोड सांगते. ते पासवर्डला मराठी शब्दच टाइप करतात, पण कीबोर्ड इंग्रजीवर ठेवून. रेमिंग्टन, म्हणजे जुन्या मराठी टाइपरायटरच्या कळांच्या, सवयीने बोटं पडतात आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी उमटते. कुणाला वाचता येत नाही आणि यांना लक्षात ठेवावं लागत नाही. तुम्ही आजीचं नाव, गावाचं नाव, ओवीचा पहिला शब्द, सगळं तसं करून बघा.

रातकिडा:
वाळवणताई, दंडवत. पण हाताने नको. आधी अख्ख्या डिस्कची हुबेहूब प्रत काढा आणि मूळ डिस्क कपाटात ठेवा. मग शब्दांची यादी करून हॅशकॅट या पासवर्ड लावून बघणाऱ्या प्रोग्रॅमला द्या, त्याला व्हेराक्रिप्ट कळतं. वेग कमी मिळेल, पण दहा-वीस हजार शब्दांची यादी असेल तर रात्रीत उरकेल.

धागाकर्ता:
ताई, काय बोलू. रात्री ट्रंक उपसली. मराठी ३० चं सर्टिफिकेट मिळालं, लॅमिनेट केलेलं. बाबा जेवताना ताटाच्या कडेवर बोटं आपटायचे, आई ओरडायची, ते आठवलं.

डिस्क दुकानातून आणलीय. फॉरमॅट केलेली नाही, असं तो म्हणतो. भाचा रविवारी येतोय. तोवर आजीची ओवी जशी म्हटली जायची तशी आत्याकडून फोनवर लिहून घेतोय. रेमिंग्टनचा तक्ता कुणाकडे असेल तर फोटो टाका. आणि एक अडलंय: जोडाक्षरांना आणि रफाराला बाबांच्या काळच्या मशीनवर कुठल्या कळा होत्या?