कोविशील्ड: ८४ दिवसांचं अंतर आणि लसीनंतरचा ताप

२०२१ मध्ये कोविशील्ड या कोविडच्या लसीबद्दल दोन शंका हमखास यायच्या: दुसरा डोस लांबला तर पहिला वाया जातो का, आणि ताप आला म्हणजे लस बाधली का. दोन्हींचं उत्तर 'नाही'.

कोविशील्डचं अंतर आधी ४ ते ६ आठवडे होतं, मार्च २०२१ मध्ये ६ ते ८ झालं, मे २०२१ ते मार्च २०२२ पर्यंत १२ ते १६, म्हणजे किमान ८४ दिवस. टंचाई होती म्हणून वाढवलं, हा संशय रास्तच. पण १२ आठवड्यांनी संरक्षण जास्त मिळतं हे परदेशी चाचण्यांत आधीच दिसलं होतं. उशीर झाला तरी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात नाही. कोव्हॅक्सिन या दुसऱ्या लसीला हे गणित लागू नव्हतं, तिथे ४ ते ६ आठवडेच होते.

ताप, कणकण, दंडदुखी दोनेक दिवसांत ओसरते. पॅरासिटामॉल पुरतं, पण ताप यायच्या आधीच घेऊन ठेवू नका. खरं लक्ष पुढचे २० दिवस ठेवायचं: धाप, छातीत दुखणं, एका पायाला सूज, न थांबणारी डोकेदुखी किंवा पोटदुखी, सुईच्या जागेपासून दूर त्वचेवर लाल टिपके. ही रक्तात गुठळ्या झाल्याची लक्षणं असू शकतात. हे फार क्वचित होतं, पण दिसलं तर तडक डॉक्टरकडे जा आणि लसीची तारीख सांगा, म्हणजे प्लेटलेट (रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी) तपासल्या जातील.

आणि हो, दुसऱ्या डोसची नोंद कोविनवर, म्हणजे लसीकरणाच्या सरकारी पोर्टलवर, पहिल्याच मोबाइल नंबरवरून करावी लागायची. नव्याने नोंदणी केली तर तोही 'पहिला डोस' म्हणूनच चढायचा.