चर्चा: आशाताई, नर्स आणि बारावीच्या पोरांना 'स्टेनो' हे ग्रीक मूळ शिकवावं की नुसतं 'अरुंद' सांगून पुढं जावं?

बायोलॉजी_मास्तर, पुसद

गावाकडच्या आरोग्य प्रशिक्षणात आणि बारावीच्या वर्गात एकच रीत दिसते. 'स्टेनोसिस म्हणजे अरुंद होणं' असं एका ओळीत सांगायचं आणि पुढचा धडा घ्यायचा. मला हे चुकीचं वाटतं. 'स्टेनोस' म्हणजे अरुंद, हे मूळ एकदा नीट दिलं की डझनभर शब्द पाठ करावे लागत नाहीत. मायट्रल स्टेनोसिसमध्ये हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली झडप पुरती उघडत नाही. पायलोरिक स्टेनोसिसमध्ये जठराचं खालचं तोंड आवळतं. स्टेनोथर्मल प्राणी तापमानाच्या लहान पट्ट्यातच जगतो, जसा थंड पाण्यातला ट्राउट. स्टेनोहॅलाइन प्राण्याला खारटपणातला मोठा फरक सोसत नाही. तालुका कोर्टातला स्टेनोही याच मुळाचा: अक्षरं आखडून मिनिटाला ८०, १०० किंवा १२० शब्द उतरवायचे. पोरांना हा शेवटचा शब्द आधीच माहीत असतो, तिथूनच सुरुवात करावी.

फिजिओ_अचलपूर

मास्तर, परीक्षेपुरतं ठीक आहे. दवाखान्यात मूळ माहीत असून काही हाती लागत नाही. कंबरेच्या एमआरआयवर 'लंबर कॅनॉल स्टेनोसिस' लिहून येतं, गावात त्याला 'नस दबली' म्हणतात. मणक्याची नळी अरुंद झाली हे कळलं, पण किती आणि त्रास कशानं होतो? पुढून मागे मोजल्यावर नळी १० मिलिमीटरच्या आत असेल तर ती नक्कीच अरुंद धरतात. पण तेवढीच नळी असूनही काहींना काहीच होत नाही, म्हणून लक्षणं विचारल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही.

हा आजार झालेला माणूस ताठ चालला की दोन्ही पाय जड होतात, मुंग्या येतात. वाकला किंवा बसला की आराम पडतो, कारण वाकल्यावर नळीत जागा थोडी वाढते. म्हणून बाई दिवसभर वाकून कापूस वेचते आणि घरी परतताना मात्र धुऱ्यावर दोनदा बसते. घरचे म्हणतात, काम करताना दुखत नाही म्हणजे ढोंग आहे. ते ढोंग नाही, हेच या आजाराचं लक्षण आहे.

आता पायाच्या रक्तवाहिनीतला स्टेनोसिस घ्या. शब्द तोच, मूळ तेच. चालल्यावर पोटरी भरून येते, पण नुसतं उभं राहिलं तरी थांबते, वाकावं लागत नाही. सायकलवर फरक अजून स्पष्ट होतो: मणक्याचा रुग्ण पुढं झुकून बराच वेळ सायकल मारतो, रक्तवाहिनीवाल्याची पोटरी तिथंही दुखते. दोन्ही पंज्यांवरची नाडी चाचपा, बिडी-तंबाखू आणि साखर विचारा. मणक्याच्या रुग्णाची लघवी अडली किंवा बैठकीची जागा बधिर झाली, तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात पाठवा. आशाताईंना यातलं एक जरी पक्कं आलं तरी ते ग्रीकपेक्षा जास्त उपयोगी पडेल.

सिकलसेल_समुपदेशक, धानोरा

फिजिओ सर, तुमचं शेवटचं वाक्य मला मान्य नाही. गडचिरोलीत सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या लेकरांच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्या अरुंद होतात आणि त्यातून लहान वयात लकवा येतो. ते आधी ओळखायला २ ते १६ वर्षांच्या, दोन्ही पालकांकडून सिकलचा जीन आलेल्या मुलांची कवटीवरून डॉपलर सोनोग्राफी करतात. ती रक्ताचा वेग मोजते. वेग सेकंदाला २०० सेंटिमीटर किंवा वर गेला तर धोका मोठा, १७० ते १९९ मधला सीमेवरचा. 'वेग जास्त' ऐकून पालकांना आनंद होतो: रक्त जोरात वाहतं म्हणजे चांगलंच! पाइपाचं तोंड बोटानं दाबलं की धार जोरात जाते, तसंच हे आहे. 'स्टेनो'चा अर्थ ज्या कार्यकर्तीच्या डोक्यात बसला तिला हा उलटा वाटणारा हिशेब लगेच कळतो. मग नियमित रक्त देण्याचं कारणही ती पालकांना पटवू शकते. १९९८च्या मोठ्या चाचणीत अशा रक्त देण्यानं लकव्याचं प्रमाण ९० टक्क्यांहून जास्त घटलं होतं.

एक गोष्ट मात्र बजावून सांगते. लेकराला ताप असेल किंवा हिमोग्लोबिन एकदम खाली गेलं असेल तर वेग असाच वाढलेला दिसतो. तब्येत स्थिर झाल्यावर तपासणी परत करायची.

औषधवाला_मेहकर

मास्तर, मूळ शिकवा, पन मंग त्याच्यासारखं दिसनारं दुसरं मूळ बी शिकवा. 'स्थेनोस' म्हंजे ताकद. मायस्थेनिया, अस्थेनिया (अशक्तपना) याच्यात हेच आहे. मराठीत ट अन् थ वेगळे दिसतात, इंग्रजी चिठ्ठीवर एका एचचा फरक. अर्धवट शिकलेलं पोरगं मायस्थेनियाले 'स्नायू अरुंद' म्हनते, खरं त ते स्नायूची ताकद जाणं आहे. अन् गालातली लाळेची स्टेन्सन नळी? तिचा अरुंदाशी काही संबंध नाही जी. निल्स स्टेन्सन नावाच्या डॅनिश मानसानं १६६०त शोधली म्हनून ते नाव.

दुसरी गोष्ट टक्क्याची. हृदयाच्या धमन्यांच्या अँजिओग्राफीत '७० टक्के स्टेनोसिस' लिहिलं की लोकाईले वाटते ३० टक्के रस्ता उरला. तो आकडा व्यासाचा असते. व्यास अर्धा झाला म्हंजे उघडी जागा पाव उरते, ७० टक्के कमी झाला म्हंजे जागा फक्त ९ टक्के. बाकी धमन्यांत ७० टक्क्यांपासून गंभीर धरतात, डाव्या मुख्य धमनीत ५० पासूनच. हे सांगाले ग्रीक नाही, वर्गाचं (आकड्याले त्याच आकड्यानं गुनायचं) गनित पायजे.

बायोलॉजी_मास्तर, पुसद

स्थेनोसचा मुद्दा मान्य, दोन्ही मुळं शेजारी ठेवूनच शिकवावीत. गणितही जोडावं, त्यानं माझाच मुद्दा पक्का होतो: कशाच्या अरुंदपणाचे टक्के आहेत, हे विचारायला मूळच भाग पाडतं. आणि आपल्याकडचं उदाहरण घ्या ना. लोणारच्या सरोवरात रोहू सोडला तर मरेल, कारण रोहू स्टेनोहॅलाइन आहे.

मत्स्यबीज_साकोली

मास्तर, उदाहरण अर्धंच बरोबर आहे. रोहू जास्त खारट पाण्यात टिकत नाही हे खरं. पण लोणारचं पाणी नुसतं खारट नाही, त्याचा सामू १०च्या आसपास आहे. तिथं मासा मेला तर खारटपणानं की जास्त सामूनं, हे वेगळं केल्याशिवाय 'स्टेनोहॅलाइन' सिद्ध होत नाही. शिवाय २०२०मध्ये ज्या हॅलोआर्किया सूक्ष्मजीवांमुळे ते पाणी गुलाबी झालं, त्यांना भरपूर मीठ लागतंच, कमी झालं तर ते मरतात. 'स्टेनो' फक्त पट्टा अरुंद आहे एवढं सांगतो, तो गोड्या बाजूला आहे की खाऱ्या, ते सांगत नाही. बहुतेक मुलं इथंच चुकतात आणि स्टेनो म्हणजे नाजूक असं धरून बसतात.

एकाच माशाला 'स्टेनो' आणि त्याच्या उलट 'युरी' (रुंद पट्ट्याचा) हे दोन्ही शब्द लागतात हेही दाखवा. भंडारा-गोंदियाच्या मालगुजारी तलावात रोहू हिवाळा काढतो, मे महिन्याचं ऊनही काढतो, म्हणजे तापमानाच्या बाबतीत त्याचा पट्टा रुंद. पण हा फरक हळूहळू झालेला सोसतो, एकदम नाही. म्हणून बोटुकली (माशाची बोटभर पिल्लं) आणली की पिशवी १५-२० मिनिटं तलावात तरंगत ठेवायची, मग तोंड उघडून तलावाचं पाणी थोडंथोडं आत घ्यायचं. थेट ओतली तर पट्टा रुंद असूनही मरतुक होते.

नर्सताई_धारणी

प्रसूती विभागाचं बोलते. जन्मानंतर ३ ते ६ आठवड्यांचं बाळ, बहुतेकदा मुलगा, दूध पिल्यावर लांब फेकल्यासारखी उलटी करतं आणि लगेच पुन्हा भुकेलं असतं: पायलोरिक स्टेनोसिसचा संशय घ्यायचा. सोनोग्राफीत जठराच्या तोंडाचा स्नायू ३ मिलिमीटर किंवा जास्त जाड दिसतो. आधी सलाईननं पाणी आणि क्षार भरून काढतात, लघवी सुरू झाल्यावर पोटॅशियम देतात, मगच ऑपरेशन. घाईनं भूल दिली तर बाळाचा श्वास मंदावण्याची भीती असते.

मूळ शिकवण्याला माझा विरोध नाही, क्रम बदला. आधी उलटीचा रंग पाहायला शिकवा. पांढरी, दुधाची उलटी असेल तर अडथळा पित्ताच्या वाटेच्या वर आहे आणि तपासायला थोडा वेळ मिळतो. हिरवी असेल तर अडथळा त्याखाली आहे, आतड्याला पीळही पडलेला असू शकतो. मग सोनोग्राफीच्या तारखेची वाट न बघता बाळाचं दूध बंद करून तोंडातून नळी टाकायची, १०८ बोलवायची आणि जिथं लहान मुलांचे सर्जन आहेत तिथंच पाठवायचं.