मदत हवी आहे: बाबांच्या खदानीतल्या दगडावर पानाचा ठसा, पण कोळशात पान का दिसत नाही?

नमस्कार, पहिल्यांदाच धागा काढतेय, लांबलाय थोडा, पण वाचा प्लीज.

माझे बाबा सिलेवाड्याच्या (कामठी-खापरखेड्याकडचं) अंडरग्राउंड खदानीत 27 वर्षं होते. मागच्या वर्षी गेले. आत्ता आईकडे त्यांची पेटी आवरताना कॅप लॅम्पचा जुना पट्टा आणि पेपरात गुंडाळलेला एक करडा दगड निघाला, तळहाताएवढा, पापुद्र्यांचा. त्यावर जिभेसारख्या पानाचा ठसा आहे, मधली शीर सरळ आणि बाजूच्या शिरांची जाळी एकदम स्पष्ट. आई म्हणते खदानीच्या छतातून पडला होता म्हणून त्यांनी डब्यातून घरी आणला. लेक आठवीत आहे, तिला यावरच प्रोजेक्ट करायचंय आणि ती विचारतेय की झाडं गाडली जाऊन कोळसा झाला तर पान दगडात कसं, कोळशात का नाही? आजोबा "पिलर सोडून" कोळसा काढायचो म्हणायचे, मग एवढ्या मेहनतीनं आत जाऊन अर्धा कोळसा सोडायचा कशाला? बाबा असते तर तासभर सांगत बसले असते. मी नेहमी कामात असायचे, नीट ऐकलंच नाही कधी. आणि हो, दगड धुवू का? वरून पॉलिश मारू का?

दगडफूल: ताई, सगळ्यात आधी, धुवू नका आणि पॉलिश तर अजिबात नको! कोरड्या मऊ ब्रशनं धूळ काढा, बस. फोटो काढताना टॉर्च बाजूनं तिरपा धरा, शिरा उठून दिसतील.

वर्णनावरून हे ग्लॉसोप्टेरिस या नामशेष झाडाचं पान वाटतंय, नावाचा अर्थच जिभेसारखं. नागपूर-कामठी भागातून अशी पानं मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी गोळा केली होती (हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं) आणि 1861 मध्ये बनबरी नावाच्या अभ्यासकानं त्यांचं वर्णन छापलं. आपला कोळसा पर्मियन काळातला, साधारण 25 ते 30 कोटी वर्षांपूर्वीचा, तेव्हा भारत गोंडवन नावाच्या जुन्या महाखंडात दक्षिणेकडे होता, थंडी होती आणि ही झाडं दर हिवाळ्यात पानं गाळायची, म्हणून ठसे इतके सापडतात. ब्रिटिश शोधक स्कॉटची तुकडी 1912 मध्ये अंटार्क्टिकावर दक्षिण ध्रुवाहून परतताना मरण पावली, तेव्हा मृतदेहांजवळ 16 किलो दगड सापडले, त्यातही हेच पान होतं, लेकीला हे नक्की सांगा.

आता मूळ प्रश्न. दलदलीत पडलेला पालापाचोळा साचलेल्या पाण्यामुळे पूर्ण कुजत नाही, त्याचं पीट होतं. वर गाळ चढला की दाब आणि उष्णता वाढते, पाणी आणि वायू निघून जातात, कार्बनचं प्रमाण वाढत जातं, पीटचा लिग्नाइट (तपकिरी कच्चा कोळसा) आणि मग आपला दगडी कोळसा. कित्येक मीटर पीट दाबून मीटरभर कोळसा होतो, त्या लगद्यात एकेक पान ओळखू येणार कसं. तुमचं पान मात्र दलदल बुडवणाऱ्या चिखलात पडलं, बारीक माती त्याच्या शिरा न् शिरा धरून बसली आणि तिचाच शेल (पापुद्र्यांचा दगड) झाला. तोच थर बाबांच्या डोक्यावर छत म्हणून होता. नद्यांनी दलदलीतही माती आणून टाकली, म्हणून आपल्या कोळशात राख 30-40 टक्के सहज निघते.

जुना_ओव्हरमन: बेटा, मीही याच कामातला. पिलर छतासाठी असतात. कोळशात आडव्या-उभ्या गॅलऱ्या (बोगदे) पाडायच्या, रुंदी 4.8 मीटरच्या वर नाही, आणि मधे कोळशाचे चौकोन उभे ठेवायचे, तेच वरचा डोंगर पेलतात. तो कोळसा कायमचा सोडत नाहीत. शेवटी आतून बाहेरच्या दिशेनं एकेक पिलर काढत यायचं, मागचं छत बसू द्यायचं, आणि वर गाव किंवा रस्ता असेल तर पाइपानं पाण्याबरोबर रेती भरायची. ते काम सगळ्यात जोखमीचं. आम्ही काठीनं छत ठोकून आवाज ऐकायचो, टणटण आला तर ठीक, पोकळ आला की सगळे मागे. शेलचं छत पापुद्र्यानं सुटतं, म्हणूनच तो तुकडा पडला असेल.

दगडफूल: वीज कशी होते तेही टाका प्रोजेक्टमध्ये, कोराडी-खापरखेड्याची वीजकेंद्रं बाजूलाच आहेत. कोळसा पावडरसारखा दळून बॉयलरमध्ये फुंकतात, वाफेवर टर्बाइन फिरतं. विजेच्या एका युनिटला साधारण 600-700 ग्रॅम कोळसा लागतो.

धागाकर्ती: दोघांचे मनापासून आभार. काका, काठीचं वाचून थांबलेच मी. बाबा आमच्या नव्या घराच्या भिंतीवर आल्या आल्या बोटांनी टकटक करून कान लावायचे, मला वाटायचं प्लास्टर बघताहेत. लेकीनं दगड कापसात ठेवलाय, उद्या टॉर्च लावून फोटो टाकते. नागपूरला सेमिनरी हिल्सला भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं ऑफिस आहे ना, तिथे दाखवायला न्यायचा विचार आहे, आधी फोन करावा लागतो का, कुणी गेलंय का?