नाताळ आणि घरातली कुत्री

प्रश्न: वसईच्या आमच्या घरी यंदाच्या नाताळात प्रथमच आठ महिन्यांची कुत्री असेल. पाहुणे तिला प्रेमाने केकचा घास भरवतील, याची मला धास्ती वाटते. तिला सणात कसे सामील करून घ्यावे?

उत्तर १: प्लम केक कणभरही देऊ नये, कारण मनुकांमुळे कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात आणि किती मनुका बाधतील याचा अंदाज कोणालाच बांधता येत नाही. चॉकलेटमधील थिओब्रोमीन हे द्रव्य कुत्र्यांना विषारी असते आणि त्यांच्या शरीरातून फार सावकाश बाहेर पडते. विंदालूतील कांदा-लसूण रक्तातील तांबड्या पेशींना घातक ठरतो, तर शिजवलेल्या हाडांच्या कपच्या आतड्यात रुततात. चुकून काही खाल्लेच, तर लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्यांना गाठावे.

उत्तर २: आम्ही बिनमसाल्याची, हाडे काढलेली उकडलेली कोंबडी आणि भात वेगळा काढून ठेवतो, आणि आमच्या कुत्रीला पाहुण्यांसोबतच वाढतो. नाताळगोठ्यातील (येशूजन्माच्या देखाव्यातील) लहान मूर्ती व दिव्यांच्या वायरी मात्र उंचावर असाव्यात.

प्रश्नकर्ती: मनापासून आभार. मध्यरात्रीच्या मिस्साला (चर्चमधील प्रार्थनेला) जाताना तिला एकटे ठेवावे का?

उत्तर २: फटाके वाजत असतील, तर कृपया ठेवू नका; घरातील एकाने तिच्याजवळ थांबावे आणि सकाळच्या मिस्साला जावे.